नोंदवही नसलेले कोठार : गाण्यांच्या एका स्ट्रीमिंग सेवेचे वर्षभरानंतरचे परीक्षण

गेल्या गुढीपाडव्याला मी गाण्यांच्या एका स्ट्रीमिंग सेवेची वर्षाची वर्गणी भरली. आता ती संपत आली आहे, आणि पुढच्या वर्षाचे पैसे भरावेत की नाही हे ठरवण्याच्या निमित्ताने हे परीक्षण लिहीत आहे. माझे वय साठीच्या पुढे आहे, नोकरी सार्वजनिक ग्रंथालयात झाली, राहणे मिरजेत आहे आणि ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि मराठी भावगीते एवढ्यापुरते मर्यादित आहे. ज्यांना नव्या चित्रपटांतील गाणी ऐकायची आहेत, त्यांना या परीक्षणाचा फारसा उपयोग होणार नाही; त्यांच्यासाठी ही सेवा उत्तमच आहे, कारण ती त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेली आहे.

सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. ध्वनिमुद्रण कंपन्या आपला माल एकाच दुकानात ठेवत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे चालणाऱ्या मोठ्या सेवांचा साठा बराचसा सारखाच असतो. मुलीच्या आणि एका मित्राच्या फोनवर मी आणखी दोन सेवा चाळून पाहिल्या, तेव्हा फरक जाणवला तो मुख्यतः रंगांचा आणि बटणांच्या जागांचा. माझ्या तक्रारी एका दुकानाविषयी कमी आणि दुकानदारीच्या या नव्या पद्धतीविषयी अधिक आहेत.

गुणांपासून सुरुवात करणे न्याय्य होईल. साठा अफाट आहे. हिराबाई बडोदेकर किंवा सुरेशबाबू माने यांची जी ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी एके काळी एखाद्या संग्राहकाशी ओळख काढून, त्यांच्या सवडीने, त्यांच्या घरी जाऊन बसावे लागे, त्यांपैकी कित्येक आता अंथरुणावर पडल्यापडल्या अर्ध्या मिनिटात लागतात. पुण्याला गेलो की कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊसमध्ये तास-दोन तास काढायचे आणि परतताना एस.टी.च्या जाळीवर ठेवलेल्या पिशवीत दोनच कॅसेट असायच्या, कारण तिसरीला पैसे नसत. आज महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांत त्या दुकानातील सगळी कपाटे आणि शिवाय मुंबईच्या काळा घोड्यावरील ऱ्हिदम हाऊसचीही कपाटे माझ्या खिशात आहेत. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले, हे मात्र या वाक्याला जोडूनच सांगितले पाहिजे. खिशातील कपाटे आणि बंद झालेले दुकान या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या.

हा बदल झाला कसा, हे थोडक्यात सांगतो, कारण त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजने स्वस्त कॅसेट गल्लीबोळांत पोहोचवली आणि एच.एम.व्ही.ची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर निघाले आणि लोक एकमेकांच्या संगणकांवरून फुकट गाणी घेऊ लागले; न्यायालयाच्या आदेशामुळे निघाल्यापासून दोनच वर्षांत ते बंद पडले. २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सच्या दुकानात एकेक गाणे ९९ सेंटला विकायला काढले आणि अल्बम नावाच्या वस्तूचे तुकडे झाले. त्यानंतर स्वीडनच्या स्पॉटिफायने २००८ पासून विकत घेणेच बाजूला सारून भाड्याने ऐकण्याची पद्धत रूढ केली, आणि ती सेवा २०१९ मध्ये भारतात आली तेव्हा सावन, गाना यांसारख्या देशी सेवा इथे आधीपासून होत्याच. आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या हिशेबानुसार २०२३ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताच्या जगभरातील उत्पन्नापैकी ६७.३ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता. म्हणजे तबकडी, कॅसेट आणि सीडी यांचे दुकान मोडून जे नवे दुकान उभे राहिले, तेच आता बाजारपेठ आहे.

आवाजाच्या दर्जाविषयी माझे मत अपेक्षेपेक्षा चांगले झाले. मिरजेत राहणाऱ्या माणसाने आवाजाची परीक्षा तंबोऱ्यावरच करावी. इथल्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जवारी लागलेला, म्हणजे तार झंकारेल अशी घोडी घासून बसवलेला, तंबोरा कसा बोलतो हे आमच्या सतारमेकर गल्लीतून जाता-येता फुकट ऐकायला मिळते. सेवेतील कमी दर्जाच्या प्रवाहात तंबोऱ्याचा झंकार वाळूवर पाणी ओतल्यासारखा विरून जातो. उच्च दर्जाची निवड केली की तो पुष्कळसा परत येतो. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन दर्जा स्वतः बदलावा लागतो, कारण सेवा आपल्या सोयीने खालचा दर्जा निवडून ठेवते. बिनगळतीच्या, म्हणजे लॉसलेस दर्जासाठी जादा पैसे भरण्याचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नेहमीच्या ब्लूटूथ स्पीकरवर तो दर्जा पोहोचतच नाही, कारण वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो. मी फोनला तार लावून जुना ॲम्प्लिफायर जोडला, आणि मला स्वतःला फरक ऐकू आला तो तेव्हाच.

आणखी एक सूचना. दोन गाण्यांच्या मधला काळ पुसून एक गाणे दुसऱ्यात मिसळण्याची जी सोय असते, ती ताबडतोब बंद करावी. संथ विलंबित संपून जलद द्रुत सुरू होण्याआधीची ती दोन क्षणांची शांतता गाण्याचाच भाग असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ग्रंथालयात पुस्तक आले की पहिले काम दाखल नोंदवहीत त्याची नोंद करण्याचे असते : लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती. नोंद झाल्याशिवाय पुस्तक फडताळात जात नाही, कारण नोंद नसलेले पुस्तक असूनही नसल्यासारखे असते. या सेवेत कोट्यवधी गाणी फडताळात आहेत आणि नोंदवही मात्र कोणी तरी घाईघाईत, भाषा न कळता, रोमन लिपीत भरलेली आहे. शोधाच्या चौकटीत ‘वसंत’ असे टंकून पाहा. मराठी संगीतात वसंत देसाई, वसंत पवार आणि वसंत प्रभू हे तीन संगीतकार झाले, वसंतराव देशपांडे हे गायक झाले, वसंत बापट हे कवी झाले आणि शिवाय वसंत नावाचा राग आहे. माझ्या सेवेने हे सर्व वसंत एका ढिगात घातले आणि वर फाल्गुन-चैत्रातील ताज्या फुलांचे चित्र लावले. जितेंद्र अभिषेकी हे गायक म्हणून लगेच सापडतात. पण मंगेशीहून आलेल्या या माणसाने मराठी रंगभूमीच्या संगीताला जे नवे वळण दिले, त्या चाली एकत्र काढून ऐकायच्या म्हटल्या तर सेवेकडे तशी सोय नाही, कारण त्यांतील बहुतेक पदे केवळ गाणाऱ्याच्या नावावर जमा आहेत. कवीच्या नावाने शोधणे तर सोडूनच द्यावे. नाट्यपदाच्या नोंदीत नाटकाचे नाव नसते, ख्यालाच्या नोंदीत राग कधी असतो तर कधी नसतो, आणि तबल्यावर किंवा पेटीवर कोण आहे हे तर जवळजवळ कधीच नसते. कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवलेल्या कागदावर हे सारे बारीक अक्षरांत छापलेले असे. वस्तू गेली, तिच्याबरोबर तो कागदही गेला.

या संदर्भात मला नेहमी १९०२ साल आठवते. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कारागिरांना हे कोणाचे गाणे आहे ते कळावे, म्हणून गाणे संपताच गायिका इंग्रजीत आपले नाव सांगत असे : ‘माय नेम इज गौहर जान.’ नोंद हरवू नये म्हणून ती गाण्यातच कोरली गेली. सव्वाशे वर्षांनंतर आज ती तबकडी या सेवेवर वाजते, गौहर जान शेवटी आपले नाव सांगतात, आणि माझ्या फोनच्या पडद्यावर गायिकेच्या जागी त्या संकलनाच्या प्रकाशकाचे नाव दिसते.

हे काम मराठीत होऊ शकत नाही असे मात्र नाही. आकाशवाणीवर गाणे लागण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची शिस्त होती, आणि आमच्या पिढीला कोणते गाणे कोणाचे हे जे पाठ आहे ते त्या शिस्तीमुळेच. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर हजारो मराठी गीतांचे शब्द, गीतकार, संगीतकार, स्वर, चित्रपट किंवा नाटक आणि पुष्कळदा रागसुद्धा देवनागरीत, शुद्ध स्वरूपात नोंदवलेला आहे. मी सेवेवर गाणे लावतो आणि ते कोणाचे हे पाहण्यासाठी त्या संकेतस्थळावर जातो. पैसे एका ठिकाणी देतो आणि माहिती दुसरीकडून फुकट घेतो, ही व्यवस्था मला थोडी संकोचाची वाटते.

नोंदीतील गोंधळाचा दुसरा परिणाम प्रतींच्या बाबतीत दिसतो, आणि तो खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला सर्वांत अधिक जाचला. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले; इथल्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते, आणि तिथे ऐकत मी वाढलो. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या केव्हाच सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. याचा अर्थ असा की कोणीही त्या मुद्रित करून सेवेवर चढवू शकतो, आणि चढवतोही. एकाच ध्वनिमुद्रणाच्या मला अकरा प्रती आढळल्या. काहींत खरखर घालवण्याच्या भरात आवाजातील तेजही घालवलेले, काहींत उगीच घुमारा भरलेला. पण खरा घोटाळा वेगाचा आहे. जुन्या काळी सर्व तबकड्या नेमक्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने मुद्रित होत नसत. कंपनीगणिक आणि काळागणिक वेग कमी-अधिक असे. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की पट्टी पेटीवरील एका पांढऱ्यावरून शेजारच्या काळ्यावर सरकते. मी पेटी घेऊन बसलो आणि दोन प्रती ताडून पाहिल्या, तर एकीत खाँसाहेब दुसरीपेक्षा बरोबर अर्ध्या स्वराने वर गात होते आणि ताना कोणी मागे लागल्यासारख्या पळत होत्या. मुळातच उंच असणारा तो कोमल आवाज त्या प्रतीत चिमटल्यासारखा वाटतो. नव्या श्रोत्याला सेवा नेमकी हीच प्रत आधी दाखवते, कारण तीच सर्वाधिक वेळा वाजलेली आहे, आणि ती सर्वाधिक वेळा वाजते याचे कारण ती आधी दाखवली जाते. भीमसेन जोशी लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्याच्या ओढीने घर सोडून निघाले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी ही प्रत ऐकली असती तर काय झाले असते, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात येऊन गेला.

या बाबतीत मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेतील संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक, वर्षे आणि कंपन्या यांची वर्षानुवर्षे केलेली जुळवाजुळव उपलब्ध आहे. सेवांनी तिच्यातील दहावा हिस्सा जरी आपल्या नोंदींत आणला, तरी माझी निम्मी तक्रार मिटेल.

क्रमाचा प्रश्न वेगळा आहे. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रसारित झाले, ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडके यांच्या चाली, आणि नभोवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे निरनिराळे आवाज. आपण पुढे ऐकत आलो ते मुख्यतः बाबूजींनी, म्हणजे फडके यांनी, स्वतः सर्व गीते गाऊन काढलेल्या ध्वनिमुद्रिकांवरून. कथा क्रमाने पुढे जाते, म्हणून गीतांनाही क्रम आहे. माझ्या सेवेत ही गीते तीन-चार संचांत विभागलेली आहेत, शीर्षकांची रोमन वर्तनी प्रत्येक संचात निराळी आहे, आणि कलावंताच्या पानावर ती लोकप्रियतेनुसार लावलेली आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी रामजन्माच्या आधी सीताहरण झाले. आईने पाच मिनिटे ऐकून घेतले आणि मग आतून सीडीचा जुना संच आणायला सांगितले.

आता पैशांविषयी. या भागात थोडे सविस्तर लिहितो, कारण वर्गणीदार म्हणून आपले पैसे जातात कुठे हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि ख्याल ऐकणाऱ्याने तर ते जाणून घ्यावेच. ७८ च्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यात बसवण्यासाठी कलावंतांनी आपल्या गाण्याचा अर्क काढला, आणि त्यातून काही अद्भुत गोष्टी जन्माला आल्या हे मान्यच आहे. १९४८ मध्ये एल.पी. आली आणि बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. कॅसेटने अर्धा ते पाऊण तास दिला. सीडीने ७४ मिनिटे सलग दिली. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षे तंत्रज्ञान ख्यालाला त्याचा वेळ हप्त्याहप्त्याने परत करत होते. स्ट्रीमिंगमध्ये ही मर्यादा पूर्णपणे गेली. तीन तासांची मैफलही सलग चढवता येते. परंतु हिशेब मिनिटांचा होत नाही, वाजण्याचा होतो. स्पॉटिफायच्या जाहीर नियमानुसार गाणे ३० सेकंद ऐकले की ते एकदा वाजले असे धरतात. अडीच मिनिटांचे गीत एकदा वाजले काय आणि पन्नास मिनिटांचा मालकंस एकदा वाजला काय, मोजदाद एकच. तासाभरात माझ्या शेजारच्या मुलाकडून चोवीस गाण्यांची मोजणी होते आणि माझ्याकडून एका ख्यालाची. मर्यादा तबकडीत होती तेव्हा ती निदान डोळ्यांना दिसत होती. आता ती हिशेबाच्या वहीत जाऊन बसली आहे.

त्यातही माझी वर्गणी मी ऐकलेल्या कलावंतांकडेच जाते असे नाही. बहुतेक मोठ्या सेवांत सर्वांचे पैसे एका हौदात जमा होतात, आणि त्यातील हक्कदारांचा वाटा त्या बाजारात एकूण वाजलेल्या गाण्यांच्या प्रमाणात विभागला जातो. मी महिनाभर फक्त किशोरी आमोणकर ऐकल्या, तरी माझ्या सव्वाशे रुपयांतील बहुतेक भाग ज्यांचे गाणे मी कधी ऐकले नाही अशांकडे जाणार. ज्याचे त्याचे पैसे ज्याने ऐकवले त्याला द्यावेत, अशी दुसरी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलावंतांपुरती सुरू केली. मोठ्या सेवांमध्ये ती अजून रूढ झालेली नाही. उलट २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला की बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला त्या हिशेबात काहीच मिळणार नाही. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या गायिकेच्या दोन नाट्यपदांसाठी हा नियम काय सांगतो, हे स्पष्ट करण्याची गरज नाही.

आणि इथे पैसा पुन्हा नोंदवहीशी येऊन जोडला जातो. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली; जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिचा पाठपुरावा केला होता. तोपर्यंत गीतकार आणि संगीतकार एकदा ठरावीक रक्कम घेऊन सगळे हक्क निर्मात्याला देऊन टाकत. दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातील स्वामित्वधनाचा त्यांचा वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने हे पैसे गोळा करण्याचे काम आयपीआरएस ही संस्था करते. कायदा उत्तम आहे, पण तो राबवायचा तर कोणत्या गाण्याचा कवी कोण, हे कोणत्या तरी वहीत बिनचूक लिहिलेले असले पाहिजे. पडद्यावर कवीचे नाव नसणे हा माझ्यासारख्याच्या अभिरुचीचा प्रश्न आहे असे मला आधी वाटत असे. आता मला वाटते की तो कुणाच्या तरी घरातील दरमहाच्या रकमेचा प्रश्न आहे.

सेवेच्या शिफारशींविषयी दोनच वाक्ये. सकाळी भैरव संपला की ती आपणहून पुढे ‘मन शांत करणारी बासरी’ लावते, ज्यात बासरी थोडी आणि पावसाचा आवाज पुष्कळ असतो, आणि वादकाचे नाव कुठेच नसते. डीझर या फ्रेंच सेवेने २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केले होते की तिच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे १८ टक्के पूर्णतः कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली असतात; तेव्हा त्या बासरीमागे माणूस आहे की नाही याची मला आता खात्री देता येत नाही, आणि तो नसेल तर नावाचा प्रश्नच मिटला.

भाड्याच्या मालाला भाड्याचे नियम लागतात, हेही सांगितले पाहिजे. वर्षभरात मी तयार केलेल्या यादीतील सतरा ध्वनिमुद्रणे राखाडी होऊन बंद पडली, आणि कारण विचारले असता सेवेच्या मदत कक्षाकडून ‘हक्कांमध्ये बदल’ एवढेच ठरीव उत्तर आले. सेवाच बंद होण्याचा धोका काल्पनिक नाही : गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये आणि एअरटेलचे विंक म्युझिक २०२४ मध्ये बंद झाले. सीडी फडताळात धूळ खात पडली तरी ती कोणी रात्रीतून काढून नेत नाही.

घरातील वापराचा अनुभव आईच्या बाबतीत लिहिण्यासारखा आहे. तिचे वय सत्त्याऐंशी आहे, डोळे अधू झाले आहेत, म्हणून बोलून गाणे लावता येईल असा स्पीकर मी सेवेला जोडून दिला. पहिल्या आठवड्यात तिने हिराबाईंचे गाणे मागितले आणि त्याने हिरे-माणकांवरील एक हिंदी गाणे लावले. पुढे उच्चार सांभाळून, इंग्रजी वळणाने नाव घेतले की काम होऊ लागले. परंतु कोणाचे गाणे लावत आहोत हे तो एका परक्या आवाजात, अर्धवट सांगे किंवा सांगतच नसे. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘अरे, त्या बाईला म्हणावं, आधी नाव सांग, मग गाणं लाव.’’ माझी बारा पानांची तक्रार तिने एका वाक्यात संपवली. सध्या ती फोनवरच्या न्यूज ऑन एअर या आकाशवाणीच्या ॲपवर रागम् ही अभिजात संगीताची वाहिनी ऐकते. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिच्यावर निवेदन असते. आपल्या आवडीचे गाणे मागता येत नाही, पण तिला त्याचे फारसे वाटत नाही. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये पाच हजार गाणी भरलेले ‘कारवाँ’ नावाचे रेडिओसारखे यंत्र काढले आणि ते वडीलधाऱ्यांसाठी घरोघर घेतले गेले, त्यामागील कारणही मला आईकडे पाहून समजले. कोट्यवधींतून शोधत बसणे हे सगळ्यांनाच सुख वाटते असे नाही.

मग वर्गणी भरावी का? ज्यांचा मुख्य हेतू अभ्यास आहे, ज्यांना एकाच रागातील पाच गवयांची मांडणी एका बैठकीत ताडून पाहायची आहे, त्यांनी अवश्य भरावी. त्या एका कामासाठी हिच्याइतके स्वस्त साधन माझ्या आयुष्यात आलेले नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसालाही ती भरावीशी वाटेल, कारण सीडी मागवण्याचा टपालखर्चच वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त होतो. ज्यांच्याकडे आवडीच्या दोनशे सीडी आहेत आणि तेवढ्यांवर समाधान आहे, त्यांनी ते पैसे मैफलीच्या तिकिटाला लावावेत. कलावंताच्या हाती त्यातून काही तरी नक्की पडेल. घरात एकच वर्गणी आणि ऐकणारी माणसे तीन असतील, तर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे, नाही तर नातवाच्या गाण्यांचा परिणाम आजोबांच्या शिफारशींवर होतो आणि घरात उगाच वाद होतो.

मी स्वतः आणखी एक वर्ष भरणार आहे. सहा महिन्यांपूर्वी मी एक लांबट खतावणी आणली आणि सेवेवर जे चांगले सापडेल त्याची जुन्या सवयीने नोंद करू लागलो : गाणे, गायक, कवी, संगीतकार, राग, ताल, साथ, मूळ कंपनी, वर्ष, आणि अकरांपैकी कोणती प्रत ऐकावी. आजवर तीनशे चाळीस नोंदी झाल्या आहेत. ‘वेग’ हा रकाना सुरुवातीला सुचला नव्हता. खाँसाहेबांच्या त्या दोन प्रतींनंतर तो समासात, लाल शाईने आखून घेतला आहे.